वॉटर फ्लॉसर आणि आमचं सहा तोंडांचं घर

घरात माणसं सहा आणि बेसिन एक. तेही प्रभादेवीच्या आमच्या रिडेव्हलपमेंटच्या घरात, स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या मधल्या बोळात. त्या बेसिनच्या कडेला आता एक पांढरं यंत्र उभं असतं. सूनबाईंनी ऑफर बघून ऑनलाइन मागवलं, अठराशे रुपयांना. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी करायच्या आहेत आणि या किमतीतली सगळी यंत्रं साधारण एकाच सांच्यातली असतात. मी बेस्टचा निवृत्त कंडक्टर. घरात नवीन काही आलं की ते फुल तिकिटाच्या लायकीचं आहे का, हे बघायची सवय जात नाही.

यंत्रात मोठं काही नाही. मुठीत धरायच्या दांड्यात ३०० मिलीची टाकी, एक लहान मोटर, वर बारीक तोंडाची नळी. बटण दाबलं की पाण्याची धार ठोक्याठोक्याने सुटते आणि दातांच्या फटीतलं, हिरडीच्या कडेचं अडकलेलं बाहेर काढते. नातवाने शोधून सांगितलं की हे खूळ आजचं नाही, १९६२ सालीच अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या एका दंतवैद्याने आणि एका इंजिनिअरने मिळून काढलं. आपल्याकडे पोचायला एवढी वर्षं लागली. आमच्या काही गाड्याही अशाच यायच्या.

आणलं ते नातवासाठी. आठवीत आहे, दातांना तारा बसवल्यात. ज्यांच्या घरी तारा आहेत त्यांना सांगायला नको. पोह्यातली कोथिंबीर, मिसळीवरचं फरसाण, वडापावचा पाव, सगळं तारेखाली जाऊन बसतं. दातांच्या फटी साफ करायचा साधा धागा, म्हणजे फ्लॉस, तारेच्या खालून ओवायचा म्हणजे सुईत दोरा ओवणाऱ्या आजीचाही संयम सुटेल. डॉक्टरीणबाईंनी आधी फटीत घालायचा बारीक बाटलीब्रशसारखा ब्रश दिला, आणि परवडत असेल तर हे यंत्र घ्या म्हणाल्या. इथे मात्र यंत्राने पैसे वसूल केले. शाळेतून आल्यावर पोरगा बेसिनवर वाकतो, मिनिटभर धार मारतो, आणि जे बाहेर पडतं ते बघून आम्ही सगळे तोंड फिरवतो.

वाकतो, हा शब्द महत्त्वाचा. सरळ उभं राहून बटण दाबलं की आरसा, भिंत आणि शेजारी उभी असलेली सूनबाई, तिघंही भिजतात. नळी आधी तोंडात, ओठ सैल मिटलेले, मग बटण. पाणी ओठातून बेसिनमध्ये गळू द्यायचं. धार हिरडीच्या कडेवर सरळ काटकोनात धरायची आणि सुरुवात सगळ्यात हलक्या वेगाने करायची. पुस्तिकेत हे सगळं आहे, पण इतक्या बारीक अक्षरात की माझ्या चष्म्याला नाही झेपलं. नातवानेच वाचून दाखवलं.

दुसरा गिऱ्हाईक मी. खालच्या डाव्या बाजूला ब्रिज आहे, म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला खोटा दात, आणि ब्रिजच्या पोटाखाली ब्रश जात नाही. वर मला मधुमेह. साखर वाढलेली राहिली की हिरड्या लवकर सुजतात, आणि हिरड्यांचा आजार वाढला की साखर आवरायला जड जाते. हे दुहेरी दुखणं डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर बाण काढून समजावलं. यंत्र वापरायला लागल्यावर सुरुवातीला थोडं रक्त आलं. सुजलेल्या हिरडीतून ते येतंच, आणि नीट सफाई होत राहिली की आठवड्या-दोन आठवड्यांत थांबतं. माझं थांबलं. तुमचं थांबलं नाही तर यंत्राचा वेग वाढवत बसू नका, दाखवून या. थंड पाण्याने माझे दात ठणकतात म्हणून मी कोमट घेतो. उकळतं मात्र घालायचं नाही.

आता जाहिरातीवर येतो. खोक्यावर हसऱ्या बाईचं चित्र आहे आणि सगळा सूर असा, की हे घेतलं म्हणजे बाकी काही नको. तसं नाही. दातावर बसतो तो जंतूंचा चिकट पापुद्रा. डब्याला लागलेलं तूप नुसतं नळाखाली धरून निघतं का? घासावंच लागतं. फ्लोराइडची पेस्ट, मऊ केसांचा ब्रश, सकाळी आणि रात्री झोपताना दोन-दोन मिनिटं, हे आधी. यंत्र त्यानंतरचं. आणि दातावर कडक झालेली पिवळी कीट तर ना ब्रशने निघते ना धारेने, ती डॉक्टरकडेच काढून घ्यावी लागते. क्लिनिंग केल्याने दात हलतात ही समजूत आमच्या मजल्यावर अजून जोरात आहे. कीट निघाली की आधीच उघड्या पडलेल्या फटी दिसायला लागतात, एवढंच. खासगी दवाखाना परवडत नसेल तर मुंबई सेंट्रलला नायरचं दंत रुग्णालय आहे, सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा.

आमच्या सौभाग्यवतींच्या बाबतीत यंत्राचा काहीही उपयोग नाही. त्या संगमेश्वरच्या, लहानपणापासून मशेरी. तव्यावर तंबाखू भाजायची, चुरायची, बोटाने हिरडीवर फिरवायची आणि तासभर तशीच बसायची. "माझी एक तरी दाढ किडली का?" हा त्यांचा कायमचा सवाल. दाढ नाही किडली, पण हिरड्या खाली सरकल्यात आणि गालाच्या आत एक पांढरट चट्टा डॉक्टरीणबाईंनी आरशात दाखवला. तंबाखू घातलेल्या पेस्टी आणि दंतमंजनं सरकारने १९९२ सालीच बंद केली, पण घरच्या तव्याला कोण बंदी घालणार! परळला टाटा हॉस्पिटलच्या दारावरून माझी बस किती वेळा गेली असेल. गाल आणि हिरडीच्या कॅन्सरचे पेशंट मी स्टॉपवर चढताना-उतरताना पाहिलेत, म्हणून या विषयावर घरात माझा आवाज चढतो. चट्टा सध्या तपासणीवर आहे. डबी सूनबाईंच्या ताब्यात गेली आहे, आणि सकाळी त्यावरून रोज कटकट. अठराशे रुपयांच्या यंत्रापेक्षा ती कटकट जास्त कामाची आहे असं माझं मत.

नात पाच वर्षांची. तिला यंत्राचा निळा दिवा फार आवडतो, पण हातात द्यायचं नाही. तिला फक्त ब्रश, वाटाण्याएवढी पेस्ट, आणि घासणार आई किंवा मी. या वयात मुलं स्वतः घासतात म्हणजे पुढचे चार दात ओले करतात. नंतर नुसतं थुंकायचं, तांब्याभर पाण्याने खळखळून चुळा नाही भरायच्या, म्हणजे पेस्टमधलं फ्लोराइड दातावर थोडं टिकतं. मला हे पटायला वेळ लागला, कारण आपल्याकडे चूळ जोरात भरणं हीच स्वच्छता. आणखी एक गोष्ट आईबापांनी लक्षात ठेवावी. सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे जी दाढ येते ती कायमची असते. तिच्यासाठी दुधाचा कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं कुणाला कळत नाही, आणि "दुधाचीच आहे, पडेल" म्हणत ती किडते. आमच्या पोरीची आता कधीही डोकावेल, म्हणून रोज रात्री मोबाइलच्या बॅटरीने बघणं चालू आहे.

मुलाबद्दल थोडक्यात. यंत्र आलं तेव्हा सगळ्यात जास्त उत्साह त्याला होता, आता त्याची लाल रिंगवाली नळी कोरडी ठणठणीत असते. रात्री बाराला मॅच बघत कोल्ड्रिंक पिणाऱ्याला कुठलं यंत्र वाचवणार? वर प्यायल्या प्यायल्या जोरजोरात ब्रश. आंबट पेयाने दाताचा वरचा थर मऊ पडतो, अर्धा तास तरी थांबावं. सूनबाईंना या यंत्रापेक्षा साधा धागाच बरा वाटतो, आणि त्यांचे दात घरात सगळ्यात चांगले आहेत.

तक्रारी. एक, आवाज. रात्री अकराला सुरू केलं की बोळात मिक्सर लावल्यासारखं घुमतं. दोन, चार्जिंगच्या भोकाचं रबरी बूच दोन महिन्यांत सैल झालं. खोक्यावर आयपीएक्स ७ छापलंय, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकायला हवं, पण बूच लोंबकळत असताना कोण बुडवून बघणार. कस्टमर केअरला फोन केला तर फोटो पाठवा, व्हिडिओ पाठवा, मग शांतता. शेवटी मी ते सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने बसवलं. तीन, टाकी. वापरून झाल्यावर उरलेलं पाणी ओतून झाकण उघडं ठेवलं नाही तर आत बुळबुळीत थर धरतो आणि वास येतो. तोंड साफ करायच्या यंत्रातच घाण, मग काय अर्थ! पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा आम्ही फिल्टरचं पाणी घालतो.

एकच यंत्र सगळ्यांनी वापरायला हरकत नाही, पण नळ्या वेगळ्या. सोबत चार रंगांच्या रिंगा येतात, कुणाची कुठली ते पहिल्याच दिवशी ठरवा, नाहीतर आमच्यासारखी हिरवी कुणाची यावर भांडणं होतील.

पाचपैकी साडेतीन. तारा, ब्रिज किंवा इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवलेला खोटा दात) असेल तर घ्या. दात धड असतील आणि बोटांना धागा जमत असेल तर अठराशे रुपये ठेवा, त्यात घरातल्या सगळ्यांचे ब्रश दर तीन-चार महिन्यांनी बदलून वर पैसे उरतील. घेणारच असाल तर जादा नळ्या त्याच वेळी, मॉडेल नंबर बघून मागवा. दादर स्टेशनबाहेरच्या दुकानात मिळतात त्या आमच्या यंत्राला बसल्या नाहीत, आणि दुकानदार उघडलेलं पाकीट परत घेत नाही.