क्रॅप्सच्या साइड बेट्स: आठ महिने खेळून झाल्यावर

मी न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. गेले आठ महिने, महिन्यातले दोन शनिवार, गार्डन स्टेट पार्कवेने अटलांटिक सिटी गाठायची आणि तिथल्या कॅसिनोत क्रॅप्सच्या, म्हणजे दोन फाशांच्या जुगाराच्या, टेबलाशी तीनेक तास उभं राहायचं, असं चाललंय. पास लाइन, म्हणजे या खेळातली मुख्य पैज, मी पूर्वीपासून खेळायचो. या वेळी जोडीला साइड बेट, म्हणजे वरच्या जोडपैजा, लावल्या आणि प्रत्येकीचा हिशेब वहीत ठेवला.

सुरुवात 'एनी सेव्हन'ने (पुढच्याच दानाला सात येईल, ही पैज) केली, कारण माझा मामेभाऊ तीच लावतो. "अरे, सगळ्यात जास्त पडतो तो सातच की!" असं दादाचं म्हणणं, आणि ते खरं आहे. दोन फाशांची दानं ३६, त्यातली ६ साताची. म्हणजे एकाला पाच मिळाले तर हिशेब बरोबरीत सुटतो. कॅसिनो चारच देतो. तेवढ्यानेच लावलेल्या पैशांतले सरासरी १६.६७ टक्के टेबलाकडे जातात; पास लाइनवर हेच प्रमाण १.४१ आहे. शिवाय ही पैज दर दानाला निकालात निघते. तासाला १०० दानं धरली आणि दर वेळी ५ डॉलर लावले, तर सरासरी ८३ डॉलर जातात. पास लाइनवर १५ डॉलर लावूनही त्याच तासात सहा-सात डॉलरच जातात, कारण तिथला डाव मिटायला तीन-चार दानं लागतात. हे वहीत मांडलं त्या दिवशी ती पैज सोडली. दादाने अजून सोडलेली नाही, आणि मला त्याची काळजी वाटते.

टेबलाच्या कापडावर छापलेलं नीट वाचा. '५ फॉर १' लिहिलं असेल तर त्यात तुमची स्वतःची चिपही धरलेली असते, म्हणजे ते '४ टू १'च झालं.

'फील्ड' सोपी आहे. चिप आपणच ठेवायची, स्टिकमनला (काठीने फासे सरकवणाऱ्या कर्मचाऱ्याला) हाक मारायला नको. २, ३, ४, ९, १०, ११, १२ यांतलं काहीही आलं की जिंकलो. आकडे सात दिसतात, पण उरलेल्या ५, ६, ७, ८ मध्ये ३६ पैकी २० दानं आहेत. दोनावर दुप्पट मिळते. बारावर काही टेबलं दुप्पट देतात, काही तिप्पट. दुप्पट असेल तर कॅसिनोचा वाटा ५.५६ टक्के, तिप्पट असेल तर बरोबर निम्मा. मी तिप्पट असेल तिथेच लावतो.

हार्डवेज, म्हणजे दोन्ही फाशांवर सारखाच आकडा येईल अशा पैजा, महिनाभर खेळलो. हार्ड सिक्स म्हणजे तीन-तीन, एकच दान. सहाची बाकीची ४ दानं आणि साताची ६ तिच्याविरुद्ध. देतात ९. पुन्हा लावणार नाही.

मन गुंतलं ते 'स्मॉल'मध्ये. सात यायच्या आत २, ३, ४, ५, ६ हे पाचही आकडे पडले पाहिजेत. मी खेळतो तिथे ३४ पट मिळतात. टेबलाचा वाटा पावणेआठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पैज स्वस्त नाही. पण ५ डॉलरमध्ये बराच वेळ रंगते, आणि अख्खं टेबल एकाच आकड्याची वाट बघतं. बहुतेक वेळा अडतो तो दोन, कारण त्याचं दान ३६ मध्ये एकच. याच शहरात, बोर्गाटामध्ये, २००९ साली एका आजींनी सलग १५४ वेळा फासे टाकले होते. तो किस्सा टेबलावर निघतोच. मात्र पहिल्याच दानाला सात आला तर पास लाइन जिंकते, फासेही त्याच माणसाकडे राहतात, पण स्मॉल बुडते. मी ६१ वेळा लावली, एकदा लागली. १३० डॉलर तोट्यात आहे.

सगळ्यात चांगली जोडपैज कापडावर छापलेलीच नसते. पॉइंट (सात यायच्या आत पुन्हा पडायला हवा तो आकडा) ठरल्यावर पास लाइनच्या मागे चिप्स ठेवायच्या, त्याला 'ऑड्स' म्हणतात. ४ किंवा १० वर एकाला दोन, ५-९ वर दोनाला तीन, ६-८ वर पाचाला सहा: अगदी खरा भाव, कॅसिनोचा वाटा शून्य. ही मला पाचव्या महिन्यात कळली, तीही शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या चिप्सकडे बोट दाखवून सांगितलं म्हणून. आता १५ लाइनवर, ३० मागे, आणि फासे नव्या माणसाकडे गेले की ५ स्मॉलवर.