दुधाचा, कोरा, हिरवा की गवती? खान्देशातील घरांसाठी चहाचा तुलनात्मक आढावा

जळगाव, धुळे किंवा भुसावळच्या किराणा दुकानात पूर्वी दाणेदार चहा घ्यायचा की बारीक पूड, एवढाच प्रश्न असे. आता त्याच फळीवर ग्रीन टीच्या पिशव्या, दार्जिलिंगचे डबे, गुळाच्या चहाची तयार मिश्रणे आणि तुळस-गवती चहाची पाकिटे शेजारी शेजारी मांडलेली असतात, आणि प्रत्येकावर आरोग्याचे काही ना काही आश्वासन छापलेले असते. घरातल्या कोणाची रक्तातली साखर वाढलेली निघाली, कोणाचे हिमोग्लोबिन कमी आले किंवा डॉक्टरांनी ‘चहा कमी करा’ एवढेच सांगितले, की यांतले नेमके काय घ्यावे असा पेच पडतो. अशा निर्णयासाठी हा आढावा आहे. माझे मत आरंभीच सांगणे बरे: पान कोणत्या प्रकारचे आहे यापेक्षा त्याच्याबरोबर पातेल्यात काय पडते, ते किती उकळते आणि कप जेवणापासून किती अंतरावर हातात येतो, यांनी प्रकृतीवर अधिक फरक पडतो. तरीही प्रकारांत फरक आहेत आणि ते जाणून निवड केलेली चांगली.

पान एक, प्रक्रिया वेगवेगळ्या

काळा, हिरवा, ऊलाँग आणि पांढरा हे चारही चहा कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झुडपाच्या पानांपासून होतात. त्याचे लहान पानांचे चिनी आणि मोठ्या पानांचे आसामी असे दोन मुख्य वाण आहेत. पान खुडल्यानंतर लगेच वाफेने किंवा कढईच्या उष्णतेने तापवले, तर त्यातील विकरे (एन्झाइम) निष्क्रिय होतात आणि पान हिरवे राहते. ते चुरगाळून हवेत राहू दिले, तर त्यातील कॅटेचिन नावाच्या द्रव्यांचा हवेशी संयोग होऊन पान तांबूस-काळे पडते, चव कडक होते आणि काळा चहा तयार होतो. ऊलाँगमध्ये ही क्रिया मध्येच थांबवतात. पांढरा चहा कोवळ्या कळ्या-पानांवर कमीत कमी प्रक्रिया करून बनवतात. या दोहोंची चव नाजूक आणि किंमत चढी असते. आवड म्हणून ते जरूर घ्यावेत, पण केवळ प्रकृतीसाठी त्यांच्यावर अधिक पैसे खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.

आपल्या घरात येणारा दाणेदार चहा हा सीटीसी पद्धतीचा काळा चहा असतो. १९३० च्या सुमारास आसामात पुढे आलेल्या या पद्धतीत पाने दातेरी रुळांमधून जाताना चिरडली, फाडली आणि गुंडाळली जातात, त्यामुळे त्यांचा अर्क पाण्यात झपाट्याने उतरतो आणि दूध घातल्यावरही रंग व कडकपणा टिकतो. याउलट ऑर्थोडॉक्स पद्धतीत पान हलकेच वळले जाते आणि बरेचसे अखंड राहते. दार्जिलिंगचा, काही आसामी आणि काही निलगिरी चहा या पद्धतीचा असतो. तो सीटीसीसारखा दुधात खळखळून उकळला, तर त्याचा सुवास उडून जातो आणि जास्तीचे पैसे वाया जातात.

दूध-साखरेचा उकळलेला चहा

खान्देशात चहा म्हटला की हाच. म्हशीचे दूध, साखर, ठेचलेले अद्रक आणि पातेल्यात दोनदा वर आलेली उकळी, ही त्याची घडण. त्याच्यावर जे आरोप होतात त्यांतील बहुतेक चहाच्या पानाचे नसून त्याच्या सोबत्यांचे आहेत. दोन चमचे साखर म्हणजे साधारण १० ग्रॅम. दिवसाला असे चार कप झाले, तर केवळ चहातून ४० ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाने दिवसभरात वरून घातलेली साखर सुमारे ५० ग्रॅमच्या आत ठेवावी आणि शक्यतो २५ ग्रॅमवर आणावी. पाहुणा आला की चहा, तो निघताना पुन्हा चहा, शेतावर चहा, दुकानावर चहा, अशी ज्यांची दिनचर्या आहे त्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. म्हशीच्या दुधात स्निग्धांश अधिक असल्याने अर्धे दूध व अर्धे पाणी अशा गोड कपातून ९० ते १०० कॅलरी सहज मिळतात. सोबत दोन टोस्ट किंवा खारी असेल, तर तो हलका फराळच झाला.

कॅफिनच्या बाबतीत मात्र या चहाची बदनामी वाजवीपेक्षा जास्त आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहार-मार्गदर्शक सूचनांनुसार १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, तितक्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन असते, आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. म्हणजे घरगुती आकाराचे तीन-चार कप निरोगी प्रौढाला या मर्यादेत बसतात. पूड जितकी जास्त आणि उकळणे जितके लांबेल, तितका आकडा वरच्या टोकाकडे सरकतो. टपरीवरचा हाफ लहान असतो खरा, पण तासन्तास शेगडीवर राहिलेला तो अर्क कडक आणि तुरट असतो. रिकाम्या पोटी घेतल्यास अनेकांना जळजळ होते.

दुधामुळे चहाचे गुण नष्ट होतात का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. दुधातील केसीन हे प्रथिन चहातील द्रव्यांना बांधून ठेवते असे काही प्रयोगांत दिसले. उलट, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमधील सुमारे पाच लाख लोकांच्या पाहणीत रोज दोन किंवा अधिक कप काळा चहा पिणाऱ्यांचे मृत्युप्रमाण न पिणाऱ्यांपेक्षा ९ ते १३ टक्के कमी आढळले, आणि दूध किंवा साखर घातल्याने त्या संबंधात फरक पडला नाही. ही पाहणी होती, प्रयोग नव्हता, त्यामुळे तेवढे श्रेय चहालाच द्यावे असे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय तिकडचा चहा म्हणजे गरम पाण्यात भिजवलेले पान आणि वरून थोडे दूध. म्हशीच्या दुधात आटवलेल्या आपल्या चहाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही.

कोरा चहा आणि बोअरचे पाणी

दूध आणि साखर दोन्ही सोडता येत असतील, तर कोरा काळा चहा हा सर्वांत सोपा आणि स्वस्त बदल आहे, कारण त्यात उष्मांक जवळजवळ नसतात आणि नवे काही विकत आणावे लागत नाही. सीटीसी पूड मात्र येथे अर्ध्याहून कमी घ्यावी आणि आच बंद करून दोन-तीन मिनिटेच झाकून ठेवावी. नाहीतर घोट कडवट लागतो आणि माणूस चार दिवसांत पुन्हा जुन्या चहाकडे वळतो. ऑर्थोडॉक्स पान येथे खरे शोभते, आणि ते दुसऱ्यांदाही भिजवता येत असल्यामुळे प्रत्येक कपाचा खर्च किलोच्या भावावरून वाटतो तितका येत नाही.

एक अडचण मात्र आपल्याकडे हमखास येते. बोअरचे जड पाणी वापरले, तर कोऱ्या चहावर तवंगासारखी पातळ साय धरते, रंग मळकट होतो आणि सुवास दबतो, कारण पाण्यातील चुन्याचे क्षार चहातील द्रव्यांशी संयोग पावतात. दूध-अद्रकाच्या चहात हा दोष झाकला जातो. दार्जिलिंग आणि ग्रीन टीमध्ये तो उघडा पडतो. महागाचे पान आणून ‘यात काही चवच नाही’ असे म्हणण्यापूर्वी गाळणयंत्राचे किंवा कमी क्षाराचे पाणी वापरून पाहावे. लिंबाचे चार थेंबही हा तवंग मोडतात.

ग्रीन टीबद्दलच्या अपेक्षा

हिरव्या चहात कॅटेचिन अधिक टिकून राहतात, हे खरे. त्याच्या नियमित सेवनाने वाईट कोलेस्टेरॉल काही मिलिग्रॅमने उतरते असे प्रयोगांतून दिसले आहे. औषधाची जागा घेईल इतका हा परिणाम मोठा नाही. वजन उतरवण्याचा दावा तर फारच फुगवलेला आहे. कॉक्रेन या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात स्थूल व्यक्तींच्या वजनात ग्रीन टीमुळे झालेली घट इतकी अल्प आढळली की तिला वैद्यकीय महत्त्व देता येत नाही. साखरेचे चार कप सोडून कोणी ग्रीन टी घेऊ लागला आणि त्याचे वजन उतरले, तर ते साखर आणि दूध सुटल्यामुळे उतरले असे समजावे. शेवभाजीच्या तर्रीदार जेवणानंतर ग्रीन टीचा कप घेऊन हिशेब मिटत नाही.

यात कॅफिन नसते हा समज चुकीचा आहे. काळ्या चहापेक्षा ते साधारणतः कमी असते, इतकेच. पाणी खळखळते असताना पान टाकल्यास चव कडू होते, म्हणून उकळी बसल्यावर, सुमारे ८० अंशांच्या पाण्यात ते दोन मिनिटे भिजवावे. कपातल्या चहाची आणि त्याच्या अर्काच्या गोळ्यांची गल्लत कदापि करू नये. युरोपातील अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये असा निष्कर्ष दिला की दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी हे कॅटेचिन गोळ्यांतून घेतल्यास यकृताला अपाय होण्याची शक्यता असते.

गवती चहा आणि गूळ

न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला गवती चहा, तुळस किंवा अद्रक केवळ पाण्यात उकळले, तर त्यात कॅफिन आणि चहाला तुरटपणा देणारे टॅनिन नसते, म्हणून रात्री झोप न लागणाऱ्यांना हा पर्याय उत्तम आहे. पण बहुतेक घरांत ही पाती चहाच्या पुडीबरोबरच उकळली जातात. तसे केल्यास स्वाद मिळतो, कॅफिन काही कमी होत नाही.

गुळाच्या चहाचे सध्या बरेच कौतुक होते. मधुमेहींनी मात्र गुळाला साखरच मानावे, कारण रक्तातील साखर तोही वाढवतो आणि उष्मांकही जवळपास तितकेच देतो. त्यातील लोहाचा दाखला नेहमी दिला जातो, परंतु एका कपातल्या गुळातून मिळणारे लोह नगण्य असते आणि त्याच कपातले टॅनिन त्याच्या शोषणाला अडवते. चवीसाठी घ्यायचा असल्यास पातेले खाली उतरवून मग गूळ घालावा, म्हणजे दूध फाटत नाही.

जेवण, लोह आणि घड्याळ

माझ्या दृष्टीने खान्देशासाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे. कळण्याची किंवा दादरची भाकरी, उडदाची डाळ, मेथी, भरीत या ताटातील लोह वनस्पतिजन्य असते, आणि नेमक्या याच लोहाच्या शोषणात चहा अडथळा आणतो. जेवणासोबत घेतलेल्या एका कपाने हे शोषण एक तृतीयांशापासून ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचे निरनिराळ्या प्रयोगांत दिसले आहे. तासाभराचे अंतर ठेवल्यास हा परिणाम बराच कमी होतो, म्हणूनच राष्ट्रीय पोषण संस्थाही जेवणाच्या आधी व नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सकाळची भाकरी चहात बुडवून खाणारी सून आणि दुपारच्या जेवणावर लगेच चहा घेणारी सासू, दोघींनाही प्रकार बदलण्यापेक्षा वेळ बदलण्याचा फायदा अधिक होईल. ताटात लिंबाची फोड असली, तर तिच्यातील क जीवनसत्त्व शोषणाला मदत करते. हिरवा चहा घेतला म्हणून या नियमातून सुटका होत नाही.

नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः अक्कलकुवा-धडगावच्या पट्ट्यात, रक्त कमी असण्याचे कारण सिकलसेल हा आनुवंशिक आजारही असू शकते. तेथे चहा सोडून किंवा लोहाच्या गोळ्या घेऊन प्रश्न सुटत नाही, आधी तपासणी हवी.

कोणी काय घ्यावे

गर्भवतीने कॅफिन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे, म्हणजे घरचे दोन, फार तर तीन सौम्य कप. सरकारी दवाखान्यातून मिळणारी लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये. थायरॉईडची गोळी पाण्याबरोबर घेऊन चहासाठी अर्धा ते एक तास थांबावे. रक्त पातळ करणारे वॉरफेरिन चालू असणाऱ्याने ग्रीन टी भरपूर प्रमाणात सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मुतखडा होऊन गेलेल्यांनी कडक कोरा चहा मर्यादेत ठेवावा, कारण त्यात खडे बनण्यास हातभार लावणारे ऑक्झलेट असते. दुधातील कॅल्शियम ते आतड्यात बांधून ठेवते, त्यामुळे त्यांच्यापुरता थोड्या दुधाचा, बिनसाखरेचा चहा उजवा ठरतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा चहाने शरीरातले पाणी आटते ही भीती बाळगू नये, पण पाणी आणि ताक यांची जागाही त्याला देऊ नये. मुतखड्याला खरे आमंत्रण कमी पाणी पिण्यानेच मिळते.

कोणताही प्रकार असो, तो वाफाळता घशाखाली लोटू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांपेक्षा गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात असे वर्गीकरण केले. बशीत ओतून पिण्याची आपली रीत शहरी लोकांना गावंढळ वाटत असली, तरी या बाबतीत ती शहाणपणाची आहे.

आठवडी बाजारातील सुटी पूड घेताना मात्र काळजी घ्यावी, कारण वापरलेल्या चोथ्याला रंग देऊन तो पुन्हा विकण्याचे प्रकार होतात. गाळण-कागदावर चिमूटभर पूड पसरून वर थोडे थंड पाणी शिंपडावे. शुद्ध चहा कागदावर लगेच रंग सोडत नाही. तपकिरी-काळे ओघळ ताबडतोब उमटले, तर ती पूड परत करावी. पुडीवरून लोहचुंबक फिरवला, तर लोखंडाचा चुराही पकडता येतो.