दीड टनचा इन्व्हर्टर एसी: सात-आठ महिन्यांनंतर, आमच्या कूलरच्या घरात

मार्चअखेर घेतला, आता दिवाळी तोंडावर आली. हिंगणघाट तालुक्यातला नवतपा (मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस), पावसाळ्यातली उकड आणि ऑक्टोबरची गरमी, सगळं झालं. मशीन चांगलं आहे. आवाज कमी, गारवा भरपूर. पण मे महिन्यात घरात याच्याबद्दल एकच तक्रार होती: हा बंदच होत नाही. रात्री लावला की पहाटेपर्यंत बाहेरचं युनिट घोंघावतच असायचं. गावात ज्यांनी ज्यांनी एसी घेतला त्यांचंही हेच ऐकते, म्हणून त्यावरच जास्त लिहिते.

जुन्या एसीत खोली गार झाली की कॉम्प्रेसर खट्कन बंद व्हायचा. इन्व्हर्टरचा शक्यतो होत नाही. तो वेग कमी करून चालत राहतो. आतला पंखा तर कॉम्प्रेसर थांबला तरी फिरतोच. तेव्हा चालू आहे का हे बघून उपयोग नाही, किती जोरात चालू आहे ते बघायचं. त्याला आपलं विजेचं मीटर पुरतं. मीटरवरचा लाल दिवा विजेच्या एका युनिटला किती वेळा लुकलुकतो तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. आमच्याकडे 3200 आहे. घरातलं बाकी सगळं बंद करायचं आणि एक मिनिट मोजायचं. दिवा 80 वेळा लुकलुकला तर 80 गुणिले 60 भागिले 3200, म्हणजे दीड किलोवॅट. हा पूर्ण जोर. 20 वेळा लुकलुकला तर चारशे वॅटच्याही आत, मग घोंघावू द्या खुशाल. आमचा आकडा मध्यरात्रीही सत्तरच्या खाली येत नव्हता.

मेकॅनिक आला आणि मशीनला हात लावायच्या आधीच बोलला, "गॅस कमी झाला असन ताई, भरून टाकू." एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता वरून भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. भिंतीवरचं साधं थर्मामीटर घेऊन आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा मोजली. दहा-बारा अंशांचा फरक होता, कॉइलवर बर्फ नव्हता. गॅस ठीक होता. चहा पाजून त्याला बाहेरच्या युनिटकडे नेलं.

तिथे खरं काम निघालं. आमच्या गावात वांदरांचा त्रास फार, ती नळीवरचा काळा फोम ओरबाडून काढतात. म्हणून बसवतानाच युनिटभोवती पत्र्याची पेटी केलेली. वांदरं थांबली, पण गरम हवाही आतच थांबली, आणि युनिट तीच हवा पुन्हा ओढत होतं. पत्रा काढून जाळी लावली. युनिटच्या मागच्या पातळ धातूच्या पत्तीवर कापसाचा तूस नमद्यासारखा बसला होता. आमच्याकडे कापूस घरातच साठवतात, त्यामुळे आतल्या फिल्टरचीही तीच गत. फिल्टर आता दर पंधरवड्याला नळाखाली धुते. बाहेरची पत्ती मात्र मेन स्विच पाडून, पाण्याच्या हलक्या धारेने.

एवढं करून आकडा थोडा उतरला, पण फार नाही. उरलेलं कारण मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, तोंडून आलं. ते एसीच्या खोलीत झोपत नाहीत, हॉलमध्ये त्यांचा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर. म्हणाले, "कूलरले खिडकी उघडी लागते, ह्याले बंद. दोघाचं एका घरात कसं जमन?"

आमची घरं बांधलेलीच कूलरसाठी आहेत. भिंतीत वर झरोके, दाराखाली बोटभर फट, हवा आरपार गेली पाहिजे. कूलर पाणी उडवून गार करतो, म्हणजे घरात ओल सोडतो. एसीला तीच ओल हवेतून पाणी करून बाहेर काढावी लागते. हॉलमधली ओलसर हवा फटीतून खोलीत येत होती आणि एसीची बरीच ताकद ती वाळवण्यात जात होती. ड्रेनच्या पाइपाखालची बादली कोरड्या मे महिन्यातही भरायची, ती का, ते तेव्हा कळलं. झरोक्यांना काच बसवली, दाराला रबराची पट्टी लावली. आकडा त्याच आठवड्यात चाळीसच्या आसपास आला.

राहिला स्लॅब. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्र उलटली तरी उष्णता सोडत असतो. वर चुना मारला, फरक पडला. एसीची टनाची क्षमता बाहेर 35 अंश धरून मोजलेली असते. आपल्याकडे पारा 45 च्या वर गेला की दीड टन दीड टन राहत नाही. त्यात पोरं रिमोटवर 18 लावायची. त्याने खोली लवकर गार होत नाही. नवतप्यात 18 कधी गाठलंच जात नाही, म्हणून मशीन दमही घेत नाही. 2020 पासून नवे एसी सुरू होताना 24 वरच येतात. आम्ही तिथेच ठेवतो आणि पंखा एकवर लावतो.

संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा कॉम्प्रेसर आपणहून वेग आवरतो, गारवा उशिरा येतो.  म्हणून स्टॅबिलायझर घ्या, दुकानदार गरज नाही म्हणाला तरी.

शेजारी एकाकडे वेगळंच झालं होतं. रिमोटने एसी बंद केला तरी बाहेरचं युनिट चालूच. तिथे रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारा आतला स्विच, चिकटलेला होता. असं दिसलं तर दिवे मोजत बसू नका, एमसीबी पाडा आणि मेकॅनिक बोलवा.

पुन्हा घेतला तर हाच घेईन, पण त्याआधी सुताराला बोलवीन. मामाजींचा कूलर हॉलमध्ये आहेच, फक्त आता त्याचं तोंड अंगणाच्या दाराकडे केलंय.