टेक्सोमावर स्ट्रायपर: जिवंत शॅड न्यायचे की खोटं आमिष?

मार्च उलटला की डॅलसजवळच्या प्लेनो-फ्रिस्कोकडच्या आपल्या मित्रमंडळींत टेक्सोमाचा, म्हणजे टेक्सास-ओक्लाहोमाच्या हद्दीवरच्या तळ्यावर स्ट्रायपर (पट्टेरी बास मासा) धरायला जायचा, बेत शिजायला लागतो. बोट कुणाकडे तरी असते, नाहीतर भाड्याने मिळते, आणि रॉड-रीळ तर आहेतच. घोडं अडतं ते आमिषावर. पहाटे पाग टाकून शॅड, म्हणजे स्ट्रायपर ज्यांवर जगतो ते छोटे मासे, धरायचे आणि टाकीत जगवत फिरायचं, की स्विमबेट (माशाच्या आकाराचं रबरी आमिष) आणि टॉपवॉटर (पाण्यावर तरंगणारं आमिष) यांचा डबा घेऊन सरळ स्ट्रायपरच्या मागे लागायचं? मी दोन्ही करून पाहिलं आहे आणि दोन्हींवर मासे मिळाले आहेत. गाइडबरोबर जाणार असाल तर हा प्रश्न त्याच्यावर सोडा. इथे लिहितोय ते आपलं आपण जाणाऱ्यांसाठी.

आधी थोडं तळ्याबद्दल, कारण बरंचसं उत्तर त्यातच आहे. रेड नदीवरचं डेनिसन धरण १९४४ साली पूर्ण झालं आणि रेड व वॉशिटा या दोन नद्यांचं पाणी अडून टेक्सोमा तयार झालं. स्ट्रायपर मुळात समुद्रातला, अंडी घालायला नदीत चढणारा मासा. ओक्लाहोमाने १९६० च्या दशकात इथे त्याची पिल्लं सोडायला सुरुवात केली, आणि तो आपला आपण वाढतोय म्हटल्यावर पुढच्या दशकात सोडणं थांबवलं. अमेरिकेत असं घडलेले जलाशय मोजकेच. या माशाची अंडी फुटेपर्यंत वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात, तळाला बसली की संपली. टेक्सोमाच्या वर दोन्ही नद्यांना तेवढा लांब मोकळा प्रवाह मिळतो. शिवाय रेडचं पाणी वरच्या भागातल्या मिठाच्या थरांमुळे मुळातच खारट आहे.

आपल्या बेतापुरता याचा अर्थ असा: एप्रिलमध्ये पाणी ६० अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की मोठे मासे नद्यांच्या तोंडाकडे आणि आत सरकतात. अंडी घालून मे महिन्यात ते भुकेले होऊन मोठ्या पाण्यात परततात. त्याच सुमाराला शॅडही अंडी घालायला अगदी काठाशी, खडकांना घासून फिरत असतो. म्हणजे खाणारा आणि खाद्य दोघेही उथळ पाण्यात, आणि तेही उजाडताना.

जिवंत शॅडची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखरच भक्कम आहे. मासा सुस्त असेल, पाणी अजून गार असेल, सोनारवर, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्रावर, मासे वीस-पंचवीस फुटांवर दिसताहेत पण कशालाच तोंड लावत नाहीत, अशा वेळी नाकपुडीतून गळ घातलेला, तडफडणारा शॅड खाली सोडला की त्यांना राहवत नाही. कौशल्य फारसं लागत नाही. रॉड होल्डरमध्ये ठेवा, टोक पाण्याकडे वाकलं की उचला. घरची लहान मुलं किंवा भारतातून आलेले आईवडील बोटीवर असतील तर हे सुख मोठं आहे. दिवसभर फेकत राहण्याचा ताण नाही, आणि मासा लागला की रॉड कुणाच्याही हातात देता येतो. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात जाणार असाल तर मीसुद्धा आधी शॅडचाच विचार करेन.

पण शॅड जगवणं हे एक वेगळंच काम आहे, आणि माझं मन फिरलं ते त्यामुळेच.

शॅड आपल्या तारलीच्या गोतातला, तसाच नाजूक. हात लागला की खवले सुटतात. चौकोनी टाकीत तो कोपऱ्यात गर्दी करतो आणि तिथेच गुदमरतो, म्हणून टाकी गोलच हवी. पाणी फिरतं हवं, हवा सोडणारा पंप हवा, खवले गाळायला फिल्टर हवा, पाण्यात खडेमीठ हवं, आणि ऊन चढलं तरी पाणी तापता कामा नये. एवढं सगळं केल्यावरही तासाभराने टाकीत डोकावलं की काहींची नाकं लाल झालेली असतात. पाण्यावर पांढरा फेस, त्यात चंदेरी खवले तरंगताहेत, आणि दोन-चार मासे आडवे होऊन गोल फिरताहेत. लाल नाकाचा शॅड गळाला लावला तर तो खाली जाऊन नुसता लोंबकळतो. स्ट्रायपर त्याच्याकडे येतो, बघतो आणि निघून जातो, हे सोनारवर स्पष्ट दिसतं. मग पुन्हा टाकी, पुन्हा जाळी, पुन्हा एखादा तरतरीत शॅड शोधा.

उरलेले उद्यासाठी ठेवू म्हणाल, तर तेही जमत नाही. टेक्सासमधले झेब्रा शिंपले (पाण्याबरोबर एका तळ्यातून दुसऱ्यात पसरणारे उपद्रवी शिंपले) पहिल्यांदा सापडले ते टेक्सोमातच, २००९ मध्ये. तेव्हापासून नियम कडक आहेत. टेक्सासच्या बाजूने बोट बाहेर काढताना लाइव्हवेलसकट (मासे जगवायच्या टाकीसकट) सगळं पाणी सोडून द्यावं लागतं, आणि तळ्यात धरलेले मासे त्याच पाण्यात जिवंत नेता येत नाहीत. म्हणजे दुसऱ्या दिवशी पाग पुन्हा पहिल्यापासून. काही ठिकाणी जिवंत शॅड विकत मिळतात, पण ऐन हंगामात शनिवारी सकाळी त्यांच्या भरवशावर बेत आखणं मला जिवावर येतं.

या सगळ्याहून खटकणारी गोष्ट वेळेची. शॅड पागायची वेळ म्हणजे झुंजूमुंजू, जागा म्हणजे खाडीसारख्या आत गेलेल्या चिंचोळ्या पाण्याचा शेवट किंवा मरीनाच्या दिव्यांखाली. आणि वसंतात स्ट्रायपर काठावर येऊन शॅडवर तुटून पडतो तीही तीच वेळ. सूर्य हातभर वर आला की हा खेळ बराचसा संपतो. तुम्ही जाळ्यातली लाकडं आणि शेवाळ झटकत असता तेव्हा बाहेरच्या टोकावर पाणी उसळत असतं. जे पाहायला आपण घरून अंधारात निघालो, तेच आमिष गोळा करण्यात हुकतं.

खोट्या आमिषाचा माझा डबा अगदी छोटा आहे. अर्धा ते एक औंसाच्या जिगहेडवर (डोक्याशी वजन असलेल्या गळावर) चार-पाच इंची पांढरं किंवा पोपटी स्विमबेट, एक-दोन टॉपवॉटर, आणि मासे खोल असले तर थेट खाली सोडायला धातूचा जड स्लॅब. बस. पाणी शांत असेल तर उजाडताना टॉपवॉटर. ते डावी-उजवीकडे हेलकावत आणताना मागे आधी नुसता फुगवटा दिसतो, मग पाणी फुटल्याचा आवाज. इथे हात आवरायचा असतो. आवाजावर रॉड ओढला तर मासा सुटतो. दोरीवर वजन जाणवलं की मगच ओढायचं. हे अंगवळणी पडायला थोडा वेळ लागतो, आणि नवख्या माणसाला पहिल्या सकाळी वैताग येऊ शकतो हे मान्य.

वाऱ्याचंही बघायला हवं. वसंतात इथे दक्षिणेचा वारा दिवसेंदिवस हटत नाही आणि उघड्या पाण्यावर पांढऱ्या लाटा उठतात. जिवंत आमिषासाठी बोट माशांच्या डोक्यावर स्थिर ठेवावी लागते. वाऱ्यात ती डोलते, वजनं वर-खाली होतात, दोऱ्या एकमेकींत अडकतात. स्विमबेटवाल्याला तोच वारा बरा पडतो. ज्या टोकावर लाटा आपटतात तिथे शॅड लोटला जातो, आणि त्याच्यामागे स्ट्रायपर. अंतर राखून बोट आडवी धरायची आणि लाटांच्या रेषेत फेकायचं. वारा फारच असेल तर दोन्ही प्रकार बंद ठेवून धक्क्यावरच थांबलेलं बरं. हे तळं तेवढं मोठं आहे.

आणखी एक फरक. जिवंत आमिष मासा गिळतो, गळ खोल जातो. सर्कल हुक (टोक आत वळलेला गोलसर गळ) वापरला तर हे पुष्कळ कमी होतं, पण पूर्ण थांबत नाही. स्विमबेटचा गळ बहुधा ओठात असतो. टेक्सोमावर वर्षानुवर्षं दिवसाला माणशी १० मासे, त्यात २० इंच किंवा त्याहून मोठे फक्त २, असा हिशेब चालत आला आहे. जाण्याआधी चालू वर्षाचा नियम पाहून घ्यावाच. मोठा मासा परत सोडायचा झाला तर तो जगावा असं वाटत असेल, तर ओठातला गळ बरा. परवान्याचंही सांगून ठेवतो: तळ्याचा मोठा भाग ओक्लाहोमात येतो आणि माशांमागे जाताना हद्द कधी ओलांडली कळत नाही. टेक्सोमाचा वेगळा परवाना मिळतो, तो दोन्ही बाजूंना चालतो. तोच काढा.

तेव्हा मुलं-म्हातारी बरोबर असतील, एप्रिलची सुरुवात असेल, आणि बोटीवर चांगली गोल टाकी आधीच बसवलेली असेल, तर शॅडला नाही म्हणू नका. दोन-तीन मित्र असाल, फेकायची हौस असेल आणि तारीख आपल्या हातात असेल, तर मे महिन्यातला आठवड्याच्या मधला दिवस धरा आणि टाकी घरी ठेवा. कुणी शॅडवर जास्त मासे काढतो म्हणाला तर मी वाद घालणार नाही, पण माझी पहाट मला टाकीवर वाकून घालवायची नाही.

टाकी नसली की तेवढ्या जागेत मोठी बर्फपेटी मावते, आणि खाण्याच्या दृष्टीने तिचं महत्त्व फार आहे. ठेवायचा मासा हातात आला की लगेच कल्ल्याशी कापून रक्त काढायचं आणि बर्फात पुरायचा. घरी फिले करताना कातडीखालचा लाल पट्टा पूर्ण काढून टाकायचा, उग्र वास असतो तो त्यातच. पांढऱ्या मांसाला हळद-मीठ-आगळ लावून रव्यात तळा. डोकी मात्र फेकू नका, तिरफळं घालून कालवण त्यांचंच करायचं.