सिस्टीम क्यू उडाली: मायनस सी की हाताने डिफाइन?

आयबीएम एमक्यूमध्ये (प्रोग्राम्समध्ये मेसेज पोचवणारं सॉफ्टवेअर) सिस्टीमची क्यू, म्हणजे एमक्यू स्वतःच्या कामासाठी वापरतं ती मेसेजची रांग, चुकून डिलीट झाली तर क्यू मॅनेजर (या रांगा सांभाळणारा सर्व्हर) थांबवून त्याची स्टार्ट कमांड मायनस सी हा पर्याय लावून चालवता येते, ती सगळे डिफॉल्ट आणि सिस्टीम ऑब्जेक्ट नव्याने बनवते आणि क्यू मॅनेजर परत बंद करते, मग नेहमीसारखं स्टार्ट करायचं. सोपंय, पण सिस्टीम चॅनेलवर (चॅनेल म्हणजे क्यू मॅनेजरला जोडणारा दुवा) तुम्ही घातलेला एमसीएयूझरसुद्धा, म्हणजे चॅनेल ज्याच्या हक्कांनी चालतो ते युझरचं नाव, कोरा होतो, म्हणून आधी कॉन्फिगचा डंप (सगळ्या सेटिंगची प्रत) काढाच! एकच क्यू गेली असेल तर त्याच व्हर्जनच्या दुसऱ्या क्यू मॅनेजरवरून डेफिनिशन उचलून हाताने डिफाइन केलेली मला बरी वाटते, बाकीच्याला धक्का लागत नाही. आतले मेसेज मात्र दोन्हीत परत येत नाहीत, चॅनेल सिंक क्यू (चॅनेलवरच्या मेसेजचे क्रमांक जपणारी) गेली असेल तर दोन्ही टोकांचे सिक्वेन्स नंबर जुळत नाहीत आणि चॅनेल रिसेट करत बसावं लागतं.