लॅपटॉपच्या स्क्रीनभोवतीचं रबर सुटतंय: चिकटवावं, काढावं की बदलावं?

लॅपटॉप सात-आठ वर्षं टिकला की स्क्रीनच्या कडेची काळी रबरी पट्टी कुरकुर करायला लागते. कोपऱ्यात सुटते, बाहेर लोंबते, हाताला चिकट लागते, नाहीतर नखाने खरवडली की तिचा भुगा पडतो. मशीन मात्र ठणठणीत असतं, म्हणून ते टाकवत नाही आणि ही लोंबणारी पट्टी बघवतही नाही.

पर्याय पाच-सहा आहेत आणि त्यातला एकही सगळ्यांना लागू पडत नाही. एक गोष्ट मात्र ठाम सांगतो: अर्धवट सुटलेली पट्टी तशीच ठेवणं हा सगळ्यात वाईट पर्याय. झाकण मिटताना ती दुमडून स्क्रीन आणि कीबोर्डच्या मधे येते, आणि जिथे एक थर हवा तिथे दोन थर होतात. काच नेमक्या त्याच जागी दाबली जाते. चिकटवायला आज वेळ नसेल तर लोंबणारा तुकडा निदान कात्रीने कापून टाका.

आधी बॅटरी बघा

रबराला हात लावण्यापूर्वी लॅपटॉप मिटून सपाट टेबलावर ठेवा आणि बाजूने डोळा लावून बघा. झाकण मधेच उचललं गेलंय का? टचपॅड वर आल्यासारखं किंवा क्लिक करताना घट्ट वाटतंय का? खालची बाजू टेबलावर डुगडुगते का? तसं असेल तर दोष बहुधा रबराचा नाही, बॅटरी फुगलेली आहे. ती कीबोर्डची बाजू खालून वर ढकलते, झाकण नीट बसत नाही, आणि लोकांना वाटतं गॅस्केट, म्हणजे ही रबरी पट्टी, खराब झालं. अशा मशीनचा चार्जर काढा, ते बंद ठेवा आणि आधी बॅटरी बदलून घ्या. फुगलेल्या बॅटरीवर झाकण दाबून बसवायला जाऊ नका.

या पट्टीचं खरं काम काय

धूळ अडवणं हे तिचं दुय्यम काम. मुख्य काम म्हणजे मिटलेल्या लॅपटॉपमध्ये काच आणि कीबोर्ड यांच्यात फट राखणं. ही फट इतकी कमी असते की कॅमेऱ्यावर चिकटवायच्या सरकत्या झाकणांबद्दल ॲपलला 2020 साली इशारा द्यावा लागला: कॅमेऱ्यावर काही लावायचंच असेल तर ते साध्या छपाईच्या कागदापेक्षा, म्हणजे 0.1 मिलिमीटरपेक्षा, जाड नसावं. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी तुलना जाडीवरच येऊन थांबते.

तुमची फट शिल्लक आहे की नाही हे घरबसल्या कळतं. स्क्रीन मायक्रोफायबरच्या कापडाने स्वच्छ पुसा, लॅपटॉप नेहमीच्या बॅगेत घालून दिवसभर फिरवा, संध्याकाळी बंद स्क्रीनवर तिरपा उजेड पाडा. कीबोर्डच्या बटणांचे तेलकट चौकोन उमटले असतील, स्पेसबारची आडवी रेघ दिसत असेल, तर काच बटणांना टेकते आहे. मग पट्टीचा प्रश्न नुसता दिसण्याचा राहत नाही.

दुसरी चाचणी कडेची. कागदाची बोटभर रुंद पट्टी कडेवर ठेवून झाकण मिटा आणि हळूच ओढा. रबर शाबूत असेल तिथे कागद अडकतो, झिजलं किंवा गेलं असेल तिथे अलगद निघून येतो. चारही बाजूंनी असं करत गेलात की कुठे काय उरलंय याचा नकाशाच हाती येतो.

रबर तीन तऱ्हांनी जातं

पहिली तऱ्हा: रबर चांगलं, पण खालचा गोंद मेला. पट्टी लवचिक असते, ओढून सोडली की परत मूळ आकारात येते, फक्त जागेवर राहत नाही. ही सगळ्यात सोपी केस.

दुसरी: चिकट होणं. रबर मऊ राहावं म्हणून त्यात घातलेली तेलं काळाच्या ओघात पृष्ठभागावर येतात, आणि पॉलियुरेथेन जातीचं असेल तर हवेतला दमटपणा त्याच्या लांब साखळ्या तोडत जातो. हाताला लागतो तो मळ नव्हे, ते विरघळत चाललेलं रबरच आहे. म्हणून कितीही पुसा, काही दिवसांनी ते परत चिकटायला लागतं.

तिसरी: कडक होऊन तडकणं. ऑक्सिजन, ऊन आणि उष्णता मिळून हे करतात. बऱ्याच लॅपटॉपमध्ये गरम हवा बिजागरीपाशी बाहेर पडते आणि स्क्रीनच्या खालच्या कडेवर आदळते, त्यामुळे खालची बाजू वरच्यापेक्षा आधी जाताना दिसते.

पहिल्या तऱ्हेत चिकटवा. दुसऱ्या-तिसऱ्या तऱ्हेत चिकटवण्यात अर्थ नाही. गोंद धरेल, पण ज्याला धरायचं तेच तुटून येईल.

चिकटवायचं तर कशाने

इथे लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात, म्हणून जरा सविस्तर.

सुपरग्लू हाताशी असतो आणि मोह होतो. नको. वाळताना त्याची वाफ उठते आणि आसपासच्या काचेवर, प्लास्टिकवर पांढुरकी झाक बसते. शिवाय तो कडक वाळतो, आणि ही पट्टी झाकण मिटताना दर वेळी दबते. कडक सांधा तेवढ्यानेच पुन्हा सुटतो, या वेळी रबराचा तुकडा सोबत घेऊन.

मोबाइलच्या काचा बसवायला वापरतात तो बी-7000 जातीचा गोंद वाळल्यावरही लवचिक राहतो, आणि या कामाला तो शोभतो. त्याची दोन वैगुण्यं आहेत. एक, त्याच्या तारा सुटतात. नळी उचलली की कोळ्याच्या जाळ्यासारखा धागा स्क्रीनवर येऊन पडतो. दोन, तो पूर्ण पकडायला एक ते दोन दिवस लागतात. तेवढा वेळ लॅपटॉप मिटायचा नाही, नाहीतर झाकण कीबोर्डच्या चौकटीलाच चिकटून बसेल. नळीतून थेट लावण्यापेक्षा टूथपिकच्या टोकावर थेंब घ्या आणि खाचेत लावत जा. बाहेर आलेला गोंद ओला असताना पुसू नका, पसरतो. थोडा आळला की बोटाने गोळी करून काढा.

तिसरा पर्याय एक-दोन मिलिमीटर रुंदीची पातळ दुहेरी चिकटपट्टी, हीसुद्धा मोबाइल दुरुस्तीवाल्यांचीच. माझं मत हिच्या बाजूने. तारा नाहीत, वाळायची वाट बघणं नाही, चुकलं तर सोलून काढता येते. पण पट्टी बसते ती जागा सपाट असेल तरच ती धरते. रबर खोल खाचेत बसत असेल तर चिकटपट्टी आत जात नाही, तिथे गोंदच लागतो. आणि फोमची दुहेरी टेप या कामाला घेऊ नका. ती जाड असते, पट्टी वर उचलली जाते आणि झाकण पुरतं मिटत नाही.

काहीही निवडा, आधी जुना गोंद काढावा लागतो. 70 टक्के किंवा त्याहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापड किंचित ओलं करा आणि कड पुसा. बाटलीतून फवारा मारू नका. काचेच्या कडेतून द्रव आत झिरपला तर पॅनेलच्या थरांमध्ये पसरतो आणि तो डाग कायमचा राहतो. ॲसिटोन, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये असतो तो, प्लास्टिकच्या चौकटीला लावला तर प्लास्टिक विरघळतं. 2012 ते 2017 या काळातल्या ॲपलच्या रेटिना मॅकबुकवर आणखी एक काळजी: त्यातल्या अनेक स्क्रीनचा चमक कमी करणारा लेप आपोआप सोलवटतो. तसं सुरू झालं असेल तर अल्कोहोल कडेपुरतंच ठेवा, मधे जाऊ देऊ नका.

चिकटपणा नुसता पुसून चालवणं

थोडे दिवस काढायचे असतील तर चालतं. अल्कोहोलने पुसलं की आठवडा-दोन आठवडे बरं वाटतं. टाल्कम पावडर फासायचा सल्ला ऐकायला मिळतो. पावडर कीबोर्डमध्ये आणि पंख्यात जाते, त्यापेक्षा चिकटपणा बरा. तेल किंवा पेट्रोलियम जेली लावून रबर मऊ करण्याच्या भानगडीत तर पडूच नका, कित्येक रबरं तेलाने फुगतात.

पूर्ण काढून टाकणं

फुकटचा पर्याय आहे, आणि ऐकायला वाटतो तितका अघोरी नाही. लॅपटॉप कायम टेबलावर असेल, बाहेरच्या मॉनिटरला जोडलेला असेल, झाकण फारसं मिटलंच जात नसेल, तर मी खुशाल काढा म्हणेन. कडेला धातूची उघडी धार दिसेल, फटीत धूळ साठेल, मिटताना धातूवर धातू आपटल्याचा आवाज येईल. यापलीकडे रोजच्या कामात फरक पडत नाही. झाकण मिटल्यावर मशीन झोपतं ते चुंबक आणि सेन्सरमुळे, त्यात रबराचा वाटा नसतो.

रोज बॅगेतून नेणार असाल तर मात्र चित्र वेगळं. बॅगेत पुस्तकं, डबा, चार्जर यांचा दाब झाकणावर येतो, झाकण मधे वाकतं, आणि फट राखणारं काहीच उरलेलं नसतं. स्वस्त तोडगा म्हणजे मिटण्याआधी कीबोर्डवर मायक्रोफायबरचं अगदी पातळ कापड अंथरणं. जाड रुमाल किंवा सिलिकॉनचं कीबोर्ड कव्हर त्यासाठी नको, जाडी जितकी कमी तितकी बरी.

काढताना पट्टी वर न ओढता काचेला जवळजवळ समांतर, सावकाश ओढा. जिथे अडेल तिथे हेअर ड्रायर मंद ठेवून थोडी ऊब द्या. हीट गन वापरू नका, पॅनेलवरचे थर तेवढी उष्णता सहन करत नाहीत. खरवडायला प्लास्टिकचं जुनं कार्ड घ्या. रेटिना मॅकबुकमध्ये पॅनेलच्या पुढे वेगळी संरक्षक काच नसते. कडेला स्क्रू ड्रायव्हर घातलात आणि टवका उडाला, तर तो काचेचा नव्हे, डिस्प्लेचाच उडतो, आणि मग अख्खं झाकण बदलावं लागतं.

नवी पट्टी की पर्यायी काही

त्या-त्या मॉडेलसाठी साच्यातून काढलेली नवी पट्टी मिळत असेल तर रोज फिरणाऱ्या लॅपटॉपला तीच घाला. ती कंपनीची अस्सल क्वचितच असते. अधिकृत सेवा केंद्रं बहुधा सुटी पट्टी न देता पूर्ण डिस्प्ले बदलायला सांगतात. बाहेरच्या उत्पादकांच्या पट्ट्यांमध्ये दर्जा खालीवर असतो, म्हणून बसवण्याआधी चारही कोपरे जागेवर नुसते टेकवून बघा. कोपरे जुळले तर मधला भाग जुळतो. पट्टी आखूड वाटली म्हणून ताणून बसवू नका. ताणलेलं रबर पातळ होतं आणि पुढे आक्रसून कोपऱ्यातून सुटतं. मॉडेलचं वर्ष आणि इंच दोन्ही जुळायला हवेत. एकाच नावाच्या दोन वर्षांच्या मॉडेलांची कड सारखीच असेल असं गृहीत धरू नका.

फोमची पट्टी कापून लावणं हे दिसतं तितकं स्वस्त पडत नाही. फोम दबून दबून बसतो, काही महिन्यांत त्याची उंची जाते, आणि तोवर त्याचा गोंद उष्णतेने घसरून काचेवर येतो.

सिलिकॉनचे तयार चिकट ठिपके फोमपेक्षा टिकाऊ, पण बहुतेक दीड-दोन मिलिमीटर उंच. पातळ धातूच्या झाकणाला चार कोपऱ्यांत असे ठिपके लावले की सगळा भार चार बिंदूंवर येतो आणि झाकण मधे पोट काढतं. याउलट प्लास्टिकच्या चौकटीच्या लॅपटॉपमध्ये, लेनोवोच्या थिंकपॅडसारख्या मशीनमध्ये, मुळातच सलग पट्टी नसते, छोटी रबरी बटणं असतात. त्यातली दोन पडली असतील तर तेवढ्याच उंचीचे ठिपके लावणं हाच बरोबर इलाज. उंची मोजायला उरलेलं बटण समोर असतंच. सगळीच झिजली असतील तर पुढची चौकट नवी घ्या. लेनोवोच्या सुट्या भागांना एफआरयू क्रमांक, म्हणजे बदलता येणाऱ्या भागाचा ओळख क्रमांक, असतो, त्यावरून नेमकी चौकट मागवता येते. चौकट उघडायला काही मॉडेलांत याच बटणांखाली लपलेले स्क्रू काढावे लागतात, म्हणून नुसती ओढून बघू नका.

खिडकीला लावतात ते सिलिकॉन सीलंट भरायचा विचार मनात आला असेल तर सोडून द्या. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या जातीतून ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि ते धातूला खातं. शिवाय हाताने भरलेली जाडी सगळीकडे सारखी येत नाही.

पूर्ण झाकण बदलणं

फक्त रबरासाठी हे करू नका. स्क्रीनवर डाग आहेत, बिजागरी सैल आहे, लेप सोलवटलाय, अशी आणखी कारणं असतील तरच खर्चाला अर्थ आहे. बिजागरीतून स्क्रीनची केबल आणि वाय-फायच्या तारा जातात, त्यामुळे हे काम दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्या. आणि वापरलेलं झाकण घेणार असाल तर विक्रेत्याकडून कडेच्या रबराचे जवळून काढलेले फोटो मागा, खालच्या कडेचे आधी. तुमच्याच मॉडेलचं झाकण म्हणजे त्याचं रबरही तुमच्याइतकंच जुनं असणार.