सियाँस पो की ब्रिटनची चार वर्षांची पदवी?

राज्यशास्त्र शिकता शिकता परदेशातही राहायचं, तर हे दोन रस्ते. पॅरिसच्या सियाँस पो या विद्यापीठाची पदवी ३ वर्षांची. त्यातलं तिसरं वर्ष फ्रान्सबाहेर काढावंच लागतं. कॅम्पसही नीट पाहून निवडा: ल आव्रला आशियावर भर, तर समुद्रकाठच्या माँतोंला पश्चिम आशिया आणि भूमध्य प्रदेशावर. अरबीची हौस असेल, तर डोळे झाकून माँतों.

इंग्लंडमध्ये पदवी एरवी ३ वर्षांची, परदेशातलं वर्ष धरलं की ४. म्हणजे वर्षभराचं घरभाडं, जेवणखाण वाढलं. मला हे खटकतं. शिवाय आधीच्या वर्षांत गुण घसरले, तर परदेशवारी हुकूही शकते. मात्र बेत बदललाच, तर बहुतेक ठिकाणी साध्या पदवीवर परतता येतं. व्हिसाची धावपळ भारतीय पासपोर्टवाल्यांना दोन्हीकडे बहुधा दोनदा!